ग्राहकच विकत घेणारी विमान कंपनी

१५ ऑगस्ट १९७४ रोजी, युरोपातल्या उन्हाळी सुट्ट्या ऐन भरात असताना, कोर्ट लाइन ही ब्रिटिश कंपनी कोसळली. तिच्या सहलींवर गेलेले ४० ते ५० हजार लोक त्या वेळी परदेशात होते, बहुतेक स्पेन आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर. पर्यटकांना नेणाऱ्या चार्टर विमान कंपनीसाठी ऑगस्ट म्हणजे वर्षातला सगळ्यात घसघशीत महिना. विमानं रात्रंदिवस उडतात, आसनं भरलेली असतात, हॉटेलात खोली मिळत नाही. मग अशा महिन्यात कंपनी बुडते कशी? या प्रश्नाचं उत्तर शोधलं की चार्टर धंदा जवळजवळ पूर्ण समजतो.

आधी चार्टर म्हणजे काय ते पाहू. वेळापत्रकाप्रमाणे चालणारी विमान कंपनी एकेक तिकीट विकते. प्रवासी दहा असोत की शंभर, विमान ठरलेल्या वेळेला सुटतं आणि रिकाम्या आसनांचा तोटा कंपनीच्या गळ्यात पडतो. चार्टर कंपनी सहसा अख्खं विमान भाड्याने देते आणि भाड्याने घेणारी असते सहल कंपनी. एसटीची गाडी आणि लग्नाच्या वऱ्हाडासाठी ठरवलेली खासगी बस यांत जो फरक, तोच हा. वऱ्हाडातले पंधरा जण आयत्या वेळी आले नाहीत म्हणून बसमालक भाडं कमी करत नाही.

म्हणजे रिकाम्या आसनाची चिंता विमान कंपनीकडून सहल कंपनीकडे सरकते. ही धंद्याची पहिली खुबी. दुसरी खुबी आसनं भरण्याच्या प्रमाणात आहे. शनिवारी विमान दोनशे पर्यटक घेऊन जातं आणि मागच्या आठवड्यात किंवा पंधरवड्यापूर्वी नेलेले दोनशे घेऊन परत येतं. मोसमाच्या सुरुवातीच्या परतीच्या आणि शेवटच्या जाण्याच्या फेऱ्या तेवढ्या रिकाम्या जातात, बाकी सगळा काळ विमान दोन्ही बाजूंनी भरलेलं. त्यात सहल कंपनी विमान, हॉटेल, जेवण, विमानतळावरून नेणं-आणणं हे सगळं एकत्र बांधून एकाच किमतीला विकते, त्यामुळे आसनाची खरी किंमत गिऱ्हाइकाला कळतच नाही. वेळापत्रकी विमानाच्या निम्म्याअर्ध्या भाड्यात सबंध सहल बसवता येते ती या हिशेबामुळे.

ब्रिटनमध्ये ही कल्पना रुजवण्याचं श्रेय बहुतेक वेळा व्लादिमिर राइट्झ यांना दिलं जातं. त्यांच्या होरायझन हॉलिडेज कंपनीने मे १९५० मध्ये एका डीसी-३ विमानातून पर्यटकांना कॉर्सिका बेटावरच्या काल्वी गावी नेलं. विमानप्रवास, तंबूत मुक्काम आणि जेवणखाण मिळून किंमत साडेबत्तीस पौंड. सरकारी मालकीच्या विमान कंपनीच्या धंद्याला धक्का लागू नये म्हणून अधिकाऱ्यांनी अट घातली होती की सहल फक्त शिक्षक आणि विद्यार्थ्यांनाच विकायची. आज हे वाचून हसू येतं, पण सरकारी धोरणाचा हा सूर पुढची वीस वर्षं टिकला. साठच्या दशकात नियम असा होता की विमानाने नेणाऱ्या सहलीची एकूण किंमत त्या ठिकाणाच्या वेळापत्रकी विमानाच्या सर्वांत स्वस्त परतीच्या भाड्यापेक्षा कमी ठेवता येणार नाही. मतलब उघड होता, सरकारी विमान कंपनीला संरक्षण. पण या नियमाने नकळत आणखी एक काम केलं. सहल कंपन्यांना एकमेकींचे गळे कापता येत नव्हते, कारण किमतीला खालून टेकू होता. ही गोष्ट लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे.

लंडनच्या उत्तरेला ल्युटन नावाचं शहर आहे, मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखलं जाणारं. तिथल्या विमानतळावर ऑटएअर ही छोटी प्रादेशिक विमान कंपनी होती. ल्युटनहून ब्लॅकपूलसारख्या इंग्लंडमधल्याच गावांना वेळापत्रकी सेवा आणि जोडीला पर्यटकांची चार्टर उड्डाणं असा तिचा व्यवहार. विमानं बहुतेक पंख्याची आणि जुनी. १९६५ मध्ये ती कोर्ट लाइनने घेतली. ही शतकाच्या सुरुवातीपासून मालवाहू जहाजं चालवणारी कंपनी. जहाजवाल्यांना अख्खं वाहन मुदतीने भाड्याने देण्याचा व्यवहार रक्तात भिनलेला असतो, त्यामुळे हवाई चार्टर त्यांना परका वाटला नसणार. १९६८ मध्ये बीएसी वन-इलेव्हन ही जेट विमानं आली. १९६९ च्या अखेरीस वेळापत्रकी सेवा बंद केल्या आणि १ जानेवारी १९७० पासून कंपनी कोर्ट लाइन या नावाने उडू लागली. आता फक्त चार्टर.

पुढची तीन वर्षं डोळे दिपवणारी होती. विमानं गुलाबी, पिवळी, हिरवी, जांभळी अशा फिकट रंगांत रंगवली. तोवर ब्रिटनमध्ये विमान म्हणजे पांढरं आणि त्यावर एखादा निळा पट्टा. स्वस्त सहलीला निघालेल्या कामगार कुटुंबाला आपण काहीतरी खास करतोय असं वाटावं, ही त्यामागची अक्कल, आणि ती मला दाद देण्याजोगी वाटते. पण रंगांपेक्षाही कंपनीची खरी हुशारी जेवणात दिसते. प्रत्येक प्रवाशाच्या समोरच्या आसनाच्या पाठीत खण केलेले होते आणि जातानाचं व येतानाचं, दोन्ही जेवणं ल्युटनलाच त्यांत भरून ठेवली जात. त्यामुळे स्पेनमध्ये जेवण चढवायला वेळ आणि पैसा लागत नसे, जेवणाच्या गाड्या ओढायला नकोत, स्वयंपाकघराची जागा वाचली तिथे आणखी आसनं. वन-इलेव्हनमध्ये ११९ माणसं बसत. पाय आखडून बसत हे सांगायला नकोच.

ल्युटनचंही भाग्य उजळलं. १९६९ मध्ये ब्रिटनमधून निघणाऱ्या सहलींच्या उड्डाणांपैकी पाचवा हिस्सा तिथून निघत होता, आणि १९७२ पर्यंत तो देशातला सर्वांत नफ्यातला विमानतळ झाला होता.

विमानं सतत उडती ठेवायची तर त्यांना सतत माणसं पुरवणारं कुणीतरी लागतं. ते काम क्लार्कसन्स ही सहल कंपनी करत होती. हॉलंडमधली ट्यूलिपची शेतं दाखवण्याच्या छोट्या सहलींपासून वाढत ती ब्रिटनमधली आघाडीची सहल कंपनी झाली होती. स्वस्त विकायचं आणि प्रचंड संख्येने विकायचं, हे तिचं सूत्र. स्पेनच्या किनाऱ्यावर हॉटेलं अपुरी पडू लागली तेव्हा सहल कंपन्या हॉटेलमालकांना आगाऊ पैसे देऊन नवी बांधून घेऊ लागल्या, आणि कित्येक पर्यटक ओल्या सिमेंटच्या वासात सुट्टी घालवून आले.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला किमतीची ती सरकारी अट आधी हिवाळ्यापुरती सैल झाली आणि मग गेलीच. ग्राहकांचा फायदा झाला यात वाद नाही. पण टेकू निघाला आणि किमती घसरू लागल्या. या धंद्यात किंमत कापण्याचा मोह का आवरत नाही, ते बघण्यासारखं आहे. सहल कंपनीने विमानाची आसनं आणि हॉटेलच्या खोल्या मोसमाच्या कितीतरी आधी बांधून घेतलेल्या असतात. त्यांचे पैसे द्यायचेच आहेत. मग न विकलेलं शेवटचं आसन कितीही कमी किमतीला गेलं तरी हातात काहीतरी पडतं. प्रत्येक कंपनी असाच विचार करते आणि सगळ्यांचीच सरासरी किंमत खर्चाच्या खाली जाते. पर्यटकांची संख्या दरवर्षी वाढतेय, माहितीपुस्तिका जाडजूड होतायत, आणि क्लार्कसन्सला तोटा होतोय, असं विचित्र चित्र १९७२ पर्यंत उभं राहिलं.

याच वर्षी कोर्ट लाइनने लॉकहीड ट्रायस्टार ही महाकाय विमानं मागवली. १९७३ च्या वसंतात आलेली ही दोन विमानं म्हणजे युरोपातल्या कुठल्याही कंपनीकडची पहिली ट्रायस्टार. आसनं ४००. कागदावरचा हिशेब मोहात पाडणारा होता, कारण विमान भरलं तर दर आसनामागचा खर्च छोट्या विमानापेक्षा बराच कमी येतो. पण ‘भरलं तर’ या दोन शब्दांवर सगळं टांगलेलं. समजा एका दिवशी माजोर्का बेटावर जायला २३८ माणसं आहेत. छोटी दोन विमानं पाठवली की ती भरून जातात आणि तिसऱ्याला दुसरं काम लावता येतं. ट्रायस्टार पाठवलं तर १६२ आसनं रिकामी घेऊन ते उडणार, आणि त्याला दुसरं काम लावायचं तर चारशे माणसं पुन्हा शोधायची. मोठं विमान स्वस्त असतं ते चांगल्या वर्षात. वाईट वर्षात मागणी दहा-वीस टक्क्यांनी आटते, पण विमानाचा पाव भाग घरी ठेवून उरलेला उडवता येत नाही.

आता गोष्टीचा कळीचा भाग. कोर्ट लाइनचा सर्वांत मोठा ग्राहक क्लार्कसन्स. तोट्यामुळे क्लार्कसन्सच्या मालकांना ती नकोशी झालेली. ती बंद पडली असती तर कोर्ट लाइनची विमानं, त्यातही नवीकोरी ट्रायस्टार, जमिनीवर उभी राहिली असती. म्हणून एप्रिल १९७३ मध्ये कोर्ट लाइनने क्लार्कसन्स स्वतःच घेतली, तीही नाममात्र किमतीत. अशी फुकटातली खरेदी दिसली की वाचणाऱ्याने आधी विचारावं, विकणारा एवढा उदार का झाला. फेब्रुवारी १९७४ मध्ये अडचणीत आलेली होरायझन, तीच राइट्झ यांची, हीही कोर्ट लाइनच्या पदरात आली.

वर सांगितलेली पहिली खुबी आठवून पाहा. रिकाम्या आसनाची चिंता विमान कंपनीची नसते, सहल कंपनीची असते. ही सोय चालते ती भाड्याने घेणारा दुसरा कुणीतरी आहे तोवर. कोर्ट लाइनने ग्राहकालाच विकत घेतलं त्या दिवशी रिकामं आसन फिरून तिच्याच दारात आलं. विमानाचे हप्ते तिचे, हॉटेलांची देणी तिची, स्वस्तात विकून बसलेल्या सहलींचा तोटाही तिचाच. वरून पाहता कंपनी मोठी झाली होती. आतून तिने आपलं एकमेव संरक्षण काढून टाकलं होतं.

इथे एक रास्त आक्षेप येईल. विमान कंपनी आणि सहल कंपनी एकाच मालकाच्या असणं हे काही जगावेगळं नव्हतं. त्याच ल्युटन विमानतळावर ब्रिटानिया एअरवेज होती. थॉमसन समूहाने ती १९६५ मध्येच घेतली होती आणि सहलींच्या धंद्यातही हा समूह क्लार्कसन्सचा प्रतिस्पर्धी होता. ती वाचली, वाढली आणि तिचा वारसा आजच्या टुई कंपनीत चालू आहे. मग कोर्ट लाइनचंच काय चुकलं? माझ्या मते फरक एकत्र येण्यात नव्हता, का एकत्र आले त्यात होता. थॉमसनने विमान कंपनी घेतली ती सहली वाढत असताना, आणि मागे वृत्तपत्रांपासून इतर अनेक धंद्यांचा पैसा होता. कोर्ट लाइनने सहल कंपनी घेतली ती बुडू नये म्हणून. शिवाय ब्रिटानियाने छोट्या बोइंग ७३७ वर भर ठेवला आणि मोठी रुंद विमानं घेण्यासाठी १९८४ पर्यंत थांबली.

दरम्यान कोर्ट लाइनने कॅरिबियन बेटांवरही पैसा ओतला होता. तिथली लिआट ही छोटी विमान कंपनी १९७१ मध्ये घेतली होती, हॉटेलंही होती. इंग्लंडमध्ये जहाजबांधणीचे कारखाने होते. पसारा पुरेसा होता, गंगाजळी नव्हती.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि तेलाच्या पिंपाची किंमत सुमारे तीन डॉलरवरून जानेवारीपर्यंत बारा डॉलरच्या आसपास गेली. इंधन हा विमान कंपनीचा मोठा खर्च, आणि तो डॉलरमध्ये. ट्रायस्टार अमेरिकी, त्यांचे पैसेही डॉलरमध्ये. मिळकत मात्र पौंडात, आणि पौंड कमजोर. त्यातही उन्हाळ्याच्या सहलींच्या किमती कित्येक महिने आधी पुस्तिकेत छापून मोकळे झालेले. वरचे पैसे मागावेत तर लोक बिथरतात, न मागावेत तर प्रत्येक माणूस तोट्यात न्यायचा.

दुसरा फटका मागणीचा. ब्रिटिश लोक उन्हाळी सहल ठरवतात ती नाताळ आटोपल्यावर, जानेवारीत. नेमक्या याच काळात, १ जानेवारी ते ७ मार्च १९७४, कोळसा कामगारांच्या आंदोलनामुळे वीज वाचवण्यासाठी देशात कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळत होती. पगार कापलेले, घरात मेणबत्त्या, वर निवडणूक. अशा जानेवारीत समुद्रकिनाऱ्यावरची खोली कोण राखून ठेवणार?

इथे सुरुवातीच्या प्रश्नाकडे येता येतं. सहलीच्या धंद्यात पैसा उलट्या दिशेने वाहतो. ग्राहक बयाणा देतो जानेवारीत, उरलेली रक्कम निघण्याच्या काही आठवडे आधी. हॉटेलं, इंधन, विमानतळ यांची बिलं बऱ्याच अंशी नंतर भागवायची असतात. मधल्या काळात कंपनीच्या हातात मोठी रक्कम खेळत असते, जी खरं तर तिची नसते. धंदा वाढता असेल तर पुढच्या वर्षीच्या जास्तीच्या बयाण्यातून मागच्या वर्षीचं भोक बुजवता येतं. वाढ थांबली की भोक उघडं पडतं. ऑगस्टमध्ये उन्हाळ्याचे जवळपास सगळे पैसे जमा होऊन चुकलेले असतात आणि पुढचा मोठा ओघ थेट जानेवारीत. बँकेतला अधिकारी ऑगस्टचा हिशेब बघतो तेव्हा त्याला दिसतं की इथून पुढे पाच महिने पैसा फक्त बाहेर जाणार आहे. विमानं भरलेली दिसतात, पण त्या आसनांचे पैसे कधीच खर्च झालेले असतात.

म्हणून अशा कंपन्यांच्या मृत्यूचे महिने बघितले की एक ठरावीक मोसम दिसतो. एक्सएल १२ सप्टेंबर २००८ ला गेली, मोनार्क २ ऑक्टोबर २०१७ ला, थॉमस कुक २३ सप्टेंबर २०१९ ला. अपवाद आहेत, फ्रेडी लेकर यांची कंपनी फेब्रुवारी १९८२ मध्ये बुडाली. तरी उन्हाळा उतरणीला लागला की या धंद्यातल्या माणसांचे कान टवकारलेले असतात.

कोर्ट लाइनच्या बाबतीत सरकारनेही गोंधळात भर घातली. २६ जून १९७४ रोजी उद्योगमंत्री टोनी बेन यांनी संसदेत जाहीर केलं की कोर्ट लाइनचे जहाजबांधणीचे कारखाने सरकार घेणार आहे, आणि त्यातून आलेल्या स्थैर्यामुळे या उन्हाळ्यात सहल ठरवलेल्यांचं हित जपलं जाईल. सरकारला काळजी होती कारखान्यांतल्या नोकऱ्यांची. लोकांनी अर्थ घेतला की आपली सहल सुरक्षित आहे, आणि उरलेले पैसे भरून टाकले. सात आठवड्यांत कंपनी गेली. नंतर संसदेच्या लोकपालाने चौकशी करून सरकारला यातून पूर्ण दोषमुक्त करता येणार नाही असं मत दिलं. सरकारने ते मानलं नाही.

परदेशात असलेल्यांना इतर विमानांनी परत आणलं गेलं. खरी रड होती ती पैसे भरून घरीच बसलेल्यांची, आणि ते संख्येने कितीतरी जास्त होते. सहल कंपन्यांना परवाना घेताना हमी रक्कम ठेवावी लागत असे, पण ती एवढ्या मोठ्या कंपनीच्या बुडण्याला पुरणारी नव्हती. १९७५ मध्ये संसदेने कायदा करून राखीव निधी उभारला. सरकारने दीड कोटी पौंडांपर्यंत कर्जाची सोय केली आणि पुढची काही वर्षं सहलींच्या उलाढालीवर छोटा आकार लावून ते फेडलं गेलं. म्हणजे क्लार्कसन्सच्या स्वस्त सहलींचं उरलेलं बिल नंतर सहलीला जाणाऱ्या दुसऱ्याच लोकांनी भरलं. दोन्ही ट्रायस्टार पुढे हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिककडे गेली आणि लिआट कॅरिबियनमधल्या सरकारांनी मिळून घेतली.

आज ब्रिटनमध्ये विमानासह सहल विकणाऱ्याला दर प्रवाशामागे अडीच पौंड अशा निधीत भरावे लागतात. मात्र हे कवच सहलीला आहे, विमान कंपनीकडून थेट घेतलेल्या नुसत्या तिकिटाला नाही. मोनार्क बुडाली तेव्हा हा फरक बाजूला ठेवून सरकारने सुमारे ८५ हजार लोकांना परत आणलं, आणि त्यातल्या बहुतेकांकडे हे कवच नव्हतं. मग विमान कंपन्यांच्या दिवाळखोरीवर नेमलेल्या समितीने मे २०१९ मध्ये अहवाल देऊन सुचवलं की प्रत्येक प्रवाशाला परत आणण्याच्या खर्चाची तजवीज कंपन्यांनीच आधी करून ठेवावी, आणि बुडालेल्या कंपनीची विमानं काही दिवस उडती ठेवून तिच्याच प्रवाशांना घरी आणता यावं. चार महिन्यांनी थॉमस कुक बुडाली तेव्हा ही सूचना कागदावरच होती. थॉमस कुकच्या स्वतःच्या विमानांना उतरल्या जागी उभं करण्यात आलं, आणि दीड लाख लोकांना आणण्यासाठी सरकारने जगभरातून दुसरी विमानं भाड्याने घेतली.